पहिली फेरी एकट्यानं

मंगळावरच्या कातळतळ वसाहतीत एकच मोटारखाना होता, आणि दिगंबर शेजवळ तिथला राजा, प्रधान आणि हमाल सगळं काही होता. त्या सकाळी त्याची धाकटी बहीण सुलभा घोरपडीखाली वाकून बघत होती. घोरपड ही वसाहतीची दगडधोंड्यांतून चालणारी स्वयंचालित गाडी; हाताने वळवायची सोयच तिच्यात नव्हती. सुलभा भूशास्त्रज्ञ होती. सांबरकड्यापलीकडे खडक तपासायला गेली, की दर वेळी गाडीचं पोट घासायचं आणि परत आल्यावर ती दादाचं डोकं खायची.

"केलीस एकदाची उंच?"

"केली. चांगली वीतभर. पण गाडी उचलणं म्हणजे खाटेखाली विटा लावणं नव्हे, बाई." त्याने दोन मुठींत एक सळई आडवी धरली. "ही सुकाणूदांडी. एक टोक सांगाड्यात, दुसरं चाकाशी. दांडी आडवी असेल तर चाक वरखाली झालं तरी बिघडत नाही. सांगाडा उचलला, की दांडी तिरकी होते. मग चाक दगडावर उसळलं, की ती त्याला बाजूला ढकलते. कुणी न वळवता गाडी उजवीकडे वळते. मी याला उसळवळण म्हणतो."

"मग दांडी बदल."

"पृथ्वीवरून नवी येईपर्यंत तू आजी होशील. मी गाडीच्या शिकाऊ मेंदूलाच शिकवलंय. चाक उसळलं रे उसळलं, की तो तेवढंच डावीकडे प्रतिवळण देतो. काल दिवसभर माळावर फिरवली. आता सुतासारखी सरळ जाते."

"आत कोण होतं?"

"मीच. एकटा."

कराडला त्यांच्या वडिलांचं गॅरेज होतं आणि तिथला दंडक होता: ज्यानं गाडी उघडली, त्यानंच पहिली फेरी मारायची, आणि एकट्यानं. काही चुकलं तर दुसऱ्याचा जीव जायला नको. गॅरेज कधीच बंद पडलं, पण दिगंबरने तो दंडक मंगळापर्यंत आणला होता.

"लहानपणीही मला कधी पहिल्या फेरीला घेतलं नाहीस," सुलभा म्हणाली.

त्याच दुपारी सांबरकड्यापलीकडून निरोप आला. वसईचा नेल्सन डाबरे दरडीखाली सापडला होता. पाय मोडला होता आणि पोशाखातून हवा गळत होती. सुलभा एकटी घोरपडीत बसून निघाली. नियंत्रणकक्षाच्या पडद्यावर गाडीचा ठिपका कड्यावरच्या वाटेने सरळ गेला. दिगंबर मनातून सुखावला. गाडी पोचली, डाबरेला आत घेतलं आणि ती परत फिरली. मग कडा आड आला नि आवाज तुटला. गाडीकडे हुकूम पोचेना, गाडीकडून फक्त ठिपका येत राहिला.

तो ठिपका डावीकडे झुकत होता. परतताना डावीकडे दरी होती.

"हे काय, शेजवळ?" वसाहतप्रमुख डॉ. नाडकर्णींनी विचारलं.

दिगंबर ठिपक्यावरची नजर न काढता बोलला. "वजन, बाई. इथं सगळंच हलकं, म्हणून स्प्रिंगा मऊ ठेवल्या आहेत. दोन माणसं बसली, की सांगाडा खाली बसतो. सांगाडा बसला, की दांडीचा तिरकसपणा कमी होतो, आणि उसळवळणही. पण मेंदू एका माणसाच्या हिशेबानं शिकलाय. तो गरजेपेक्षा जास्त डावीकडे वळवतो."

"सुलभा ते प्रतिवळण बंद करू शकतात ना?"

"केलं तर उजवीकडे कड्यावर आदळेल. इकडे आड, तिकडे विहीर. नव्यानं शिकवायचं तर दिवसभर माळ हवा. आणि थांबलं तर डाबरेची हवा संपेल, गाडीत वेगळी हवा नाही."

"मग आपण काय करायचं?"

"बघायचं," दिगंबर म्हणाला. असं बोलावं लागल्याची त्याला लाज वाटली.

ठिपका थांबला. "सामान टाकत असेल," तो पुटपुटला. ठिपका पुन्हा निघाला, झुकणं थोडं कमी झालं, पण थांबलं नाही. पुढे वाट गाडीच्या रुंदीएवढीच होती. ती सुरू होण्याआधी ठिपका पुन्हा थांबला, या वेळी बराच वेळ. मग निघाला आणि सरळ आला, अगदी सुतासारखा.

कक्षात टाळ्या वाजल्या. नाडकर्णींनी दिगंबरच्या पाठीवर हात ठेवला. "आता तरी हसा हो!"

"बाई," तो म्हणाला, "सरळ येतेय, म्हणजे आत एकच माणूस आहे. आणि डाबरेला उतरता येत नाही."

घोरपड आली तेव्हा आत डाबरे होता. तो लहान मुलासारखा रडत होता. "मी नको म्हणत होतो. त्या म्हणाल्या, ही गाडी एकट्याचीच आहे. कड्याला टेकून बसल्यात. चालल्या तर हवा पुरणार नाही, बसून राहिल्या तर कदाचित..."

दिगंबर गाडीकडे धावला आणि दारावर हात ठेवून थांबला. तो गेला तर परत येताना दोघं असणार. रिकामी पाठवली तर सांगाडा आणखी वर जाणार आणि गाडी उजवीकडे ओढणार, आणि जाताना दरी उजवीकडे. घोरपडीला जाताना एका माणसाचं वजन हवं होतं आणि येतानाही.

मग त्याने आपल्या वजनाचे दगड पोत्यांत भरून आसनावर ठेवले. सुलभाला सांगायची गरज नव्हती. पोती बघितली की तिला कळणार होतं. ती पोती खाली टाकून स्वतः बसायचं. ती जिथं उतरली तिथं गाडी थांबेल, ठरल्या वेळेपर्यंत वाट बघेल आणि आपोआप मागे फिरेल.

ठिपका सरळ गेला. थांबला. दिगंबर देवाचं नाव घेत राहिला. एरवी तो कधी घेत नसे.

ठिपका मागे फिरला आणि वाटेच्या मधोमध, तसूभरही न ढळता येऊ लागला. या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे दिगंबरकडे बघत होते.

"सरळ येतेय, शेजवळ," नाडकर्णी हळूच म्हणाल्या. "म्हणजे काय?"

आत सुलभा असती तर गाडी सरळच आली असती. दगड असते तरीही.

"मला माहीत नाही," दिगंबर म्हणाला आणि दाराकडे चालू लागला.