अर्ध्यावर सोडलेल्या गोळ्या

श्रावणसरीत भिजलेला तो तरुण थेट डायलिसिसच्या खोलीत शिरू लागला, तसं समीक्षाने त्याला दारातच अडवलं.

"चपला बाहेर! आणि आधी हात धुवा."

"पावसानं धुतलेत की, सिस्टर—"

"साबणानं."

तो हसला... गालाला खळी पडली, आणि समीक्षाने उगाचच मशीनकडे नजर वळवली.

तो समर्थ. बोटीवर नोकरीला, सुट्टीत जयगडला घरी आलेला. वडिलांना, भिकाजींना, डायलिसिससाठी रत्नागिरीला आणायचा. त्यांच्या मानेत नळी बसवलेली होती. "तिथून जंतू शिरला तर थेट रक्तात," समीक्षा बजावायची. "नळी भिजवू नका. ताप आला तर लगेच सांगा."

मग समर्थ येताच ओले हात तिच्यापुढे धरू लागला. "तपासा."

"नखं राहिली."

"तुम्हीच धुवून द्या मग..."

"जेवताना पण एवढे हात धुवत नाय गो हा!" भिकाजी म्हणायचे. समीक्षा मास्कआड हसायची; डोळे मात्र लपायचे नाहीत.

एकदा समर्थ हळूच म्हणाला, "बाबांना परत ताप आला होता. मेडिकलमधून अँटिबायोटिक आणलं. मागच्या वेळेसारखंच, ताप उतरला नि गोळ्या सोडल्या."

समीक्षा चमकली. "डॉक्टरांना सांगायला हवं. रक्त तपासावं लागेल."

"ते अ‍ॅडमिट करतील. बाबा घाबरतात... नको ना सांगूस, समीक्षा."

पहिल्यांदाच त्याने तिला नावाने हाक मारली होती. त्या दिवशी तिने डॉक्टरांना काही सांगितलं नाही.

पुढच्या खेपेला मशीन सुरू असतानाच भिकाजींना हुडहुडी भरली. समीक्षाने डॉक्टरांना सगळं सांगितलं... पण फार उशिरा! अर्धवट गोळ्यांनी निर्ढावलेला रक्तातला जंतू नेहमीच्या कुठल्याच औषधाला दाद देईना. नळी काढावी लागली. शेवटी एका जहाल इंजेक्शनने जीव वाचवला, पण कान नेले; भिकाजींना ऐकू येईनासं झालं. डॉक्टरांनी तशी कल्पना दिली होती. दुसरा इलाजच उरला नव्हता.

बोटीवर परतण्याआधी समर्थ तिला भेटायला आला.

"तुला मागणी घालायला बाबांनाच पाठवणार होतो," तो म्हणाला. "आता कुठल्या तोंडानं..."

"तुमची एकट्याची चूक नाही. तुम्ही नावानं हाक मारलीत, आणि मी—"

"वाट बघशील?"

हो म्हणावंसं फार वाटलं तिला. "नको," ती म्हणाली. "एकमेकांकडे बघितलं की आपल्याला हेच दिसत राहील."

तो गेला.

आता भिकाजींना पुतण्या घेऊन येतो. मानेतल्या नळीऐवजी आता हातातून डायलिसिस होतं; परवा सुया काढून त्यांच्या हातावर पट्टी बांधताना समीक्षा मास्कआडून म्हणाली, "काका, मला तुमच्या घरी यायचं होतं..."

तिचे ओठ त्यांना दिसले नाहीत. पट्टीचंच काही विचारत असेल, असं त्यांना वाटलं.

"नाय गो पोरी," ते मोठ्याने म्हणाले, "अजिबात दुखत नाय."