कासवाच्या दारावरची चार बोटं

सुट्टीच्या दिवशी भर दुपारी गोष्टवाली गाड्यांच्या दालनाकडे निघाली, तेव्हा फाटकावरच्या पहारेकऱ्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. चष्मा विसरलाय, असं तिनेच त्याला सांगितलं होतं. चष्मा तिच्या नाकावर होता. पण पहारेकरी भला माणूस. त्याने नाकाकडे पाहिलंच नाही.

दालन कारखान्याच्या आवारातच होतं. आजवर बनवलेल्या अकरा तऱ्हांच्या गाड्या तिथे ओळीने उभ्या होत्या, आणि पाहुण्यांना त्या दाखवायचं काम बारा वर्षं हिच्याकडे होतं. इंजिन किती ताकदीचं, हे माणूस दारापर्यंत जाईस्तोवर विसरतो. पण गाडीचा आरसा असा वाकडा का, हे तो घरी जाऊन शेजाऱ्यालाही सांगतो. तिने हे पहिल्याच महिन्यात ओळखलं आणि जिथे गोष्ट नव्हती तिथे रचून दिली. आरसा वाकडा, कारण गाडी रेखाटणाऱ्याची सासू मागे बसायची आणि त्याला ती दिसायला नको होती. लोक पोट धरून हसायचे. साहेब खूश, पाहुणे खूश, आणि तिला सगळे गोष्टवाली म्हणू लागले. खोटं बोलतोय असं तिला कधी वाटलं नाही. कोणाचं काय बिघडत होतं?

ओळीतली शेवटची गाडी हिरवी, बुटकी, पाठ फुगलेली. तिला सगळे कासव म्हणत. कासवाच्या मागच्या डाव्या दाराला, मुठीच्या जरा खाली, पत्र्यात चार खळगे होते. लहान मुलाने बोटं टेकवावीत तसे. त्यातला तिसरा खळगा अर्धाच होता.

या खळग्यांची गोष्ट ही तिची सगळ्यांत गाजलेली गोष्ट. गाडी रेखाटणाऱ्याला आठ वर्षांची एक मुलगी होती. डाव्या हाताच्या अनामिकेचं टोक तिने दारात चेमटून घेतलं होतं. बापाने मातीचा नमुना घडवला, तेव्हा तिने ओल्या मातीवर हात टेकवला. दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. सात दिवस ती एकच विचारत राहिली, "गाडी आली का?" सातव्या दिवशी, पाचच्या भोंग्याला, पहिलं कासव फाटकाबाहेर पडलं आणि त्याच घटकेला मुलगी गेली. बापाने तिची बोटं बुजवू दिली नाहीत. म्हणून ती प्रत्येक कासवावर आहेत.

इथे बायका डोळे पुसायच्या. पोरं खळग्यांत बोटं घालून बघायची. पुढे कंपनीने ती गोष्ट माहितीपत्रकातही छापली.

खरी हकिगत माहीत असलेला एकच माणूस उरला होता, मातीकाका. त्यांनी आयुष्यभर गाड्यांचे मातीचे नमुने घडवले होते, आणि निवृत्त झाल्यावरही सुट्टीच्या दिवशी येऊन ते जुन्या गाड्यांना मेण लावत बसत. ते म्हणायचे, "कसली पोरगी नि कसला ताप! दार ठोकायचा लोखंडी साचा उतरवताना साखळी सुटली, साचा आपटला. नवा करायला वेळ नव्हता, म्हणून ते खळगे प्रत्येक दारावर उमटत गेले. रेखाटणाऱ्याचं तर लग्नसुद्धा झालं नव्हतं, बाई!" यावर दोघं मनसोक्त हसत.

गोष्ट रचली तेव्हा गोष्टवालीलाही मूल नव्हतं. पुढे मुलगी झाली. एका जागी पाच मिनिटं टिकेल तर शपथ, म्हणून तिचं नाव पडलं खारुटी. नवरा कधीच सोडून गेला होता. घरात दोघीच, आणि त्यांचं छान चाललं होतं.

खारुटी आठ वर्षांची झाली, आणि पंधरा दिवसांपूर्वी शाळेच्या गाडीच्या दारात तिचं बोट सापडलं. डावा हात. अनामिका. टोक गेलं. योगायोग म्हणून गोष्टवालीने मनाची समजूत घातली. गेल्या सोमवारी ताप भरला. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीचे फोटो काढले, औषधं बदलली. ताप हटायचं नाव घेईना. आणि आज सकाळी, रविवारी, ग्लानीतच खारुटीने डोळे किलकिले केले.

"आई, गाडी आली का गं?"

गोष्टवालीने बोटांवर मोजलं. सोमवार ते रविवार. सात.

तिने आपल्या ताईला इस्पितळात खाटेपाशी बसवलं आणि मातीकाकांना फोन लावला. "काका, दालनात या. आत्ताच्या आत्ता. गोष्ट ऐकायला कोणीतरी लागतं."

काका आधीच येऊन बसले होते. दालनात दिवे लावलेले नव्हते. छतातल्या काचांमधून दुपारचं मळकं ऊन खाली येत होतं आणि गाड्यांच्या टपांवर साचून राहिलं होतं. मेणाचा वास होता. त्याखाली आणखी एक वास येत होता, गंधकासारखा, कोमट.

"नमुन्याच्या मातीचा वास आहे हा," काका हळूच म्हणाले. "गरम केली की येतो. पण इथे तीस वर्षांत माती आलेली नाही, बाई..."

तिचं तिकडे लक्षच नव्हतं. तिने त्यांना सगळं सांगितलं. बोट, ताप, सात दिवस. काकांनी तिला वेड्यात काढलं नाही. ते हातातलं फडकं नुसतं पिळत राहिले.

"हे खळगे ठोकून काढू या, काका. हातोडा कुठंय?"

"या एका गाडीवरचे काढाल. रस्त्यावर हजारो कासवं फिरतायत."

"मग गोष्ट बदलते. मीच रचलीय ना? मीच बदलते. तुम्ही फक्त ऐका."

ती कासवाच्या डाव्या दाराशी उभी राहिली, रोज पाहुण्यांसमोर राहायची तशीच. घड्याळात सव्वातीन झाले होते. तिने पहिल्यापासून सुरुवात केली, आणि शेवट आला तेव्हा आवाज चढवून, एकेक शब्द तोडून म्हणाली, "सातव्या दिवशी ताप उतरला. मुलगी खडखडीत बरी झाली."

काका खाली बघत होते.

"काय झालं?"

"बाई... तुम्ही आत्ताही 'मुलगी गेली' असंच म्हणालात."

"मी बरी झाली म्हणाले!"

"ओठ तसे हलले. मी पाहिलं. पण ऐकू आलं ते..." काकांचे कान चांगले तिखट होते. मातीत खडा असला तर खरवडण्याच्या आवाजावरून ओळखणारा माणूस.

तिने पुन्हा सांगितलं. ताप आलाच नाही, असं सांगितलं. काकांनी नकारार्थी मान हलवली. मुलगी म्हातारी झाली, नातवंडांत रमली, असं सांगितलं. काकांचे डोळे भरून आले आणि त्यांनी हाताने खूण केली, पुरे. पाटीवर लिहून पाहिलं. लिहिलेलं वाचताना तिच्याच डोळ्यांना 'गेली' दिसलं. खळगे साच्याचे होते, मुलगी नव्हतीच, हेही सांगून झालं. काका म्हणाले, "हे तर मी बारा वर्षं सांगतोय. माझं कोण ऐकतंय?"

चार वाजून गेले. तिने कपाळ कासवाच्या टपावर टेकवलं. पत्रा गरम लागला. बंद दालनात, उन्हाच्या वाटेत नसलेली गाडी, आणि पत्रा ताप आल्यासारखा गरम. तिला हुंदका आवरेना. आपण लोकांना रडवायला एक पोर मारली, आणि आता आपली पोर तिच्या जागी चाललीय. एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

"नाही," ती त्या दाराला म्हणाली. "ही ती नाही. रेखाटणाऱ्याची मुलगी वेगळी. ही... ही त्याची मुलगी नव्हतीच! कोणाची होती कोण जाणे. त्याची कोणी नव्हती ती!"

दालनात एकदम शांत झालं. गंधकाचा वास कोणीतरी दार उघडावं तसा विरून गेला. टप गार पडला.

काका उठून उभे राहिले होते. "हे ऐकू आलं," ते म्हणाले. "नीट ऐकू आलं. पण बाई, तुम्ही तर पोरीला बिनआईबापाची करून टाकलंत..."

तिचा फोन वाजला. ताईचा होता.

"ताप उतरला गं! घाम फुटला नि झरझर उतरला. उठून बसलीय, पाणी मागतेय."

गोष्टवाली रडली, हसली, तिने काकांच्या पायांना हात लावला. आणि धावत सुटली. ताई शेवटी काय म्हणाली, ते तिला रस्ता ओलांडताना आठवलं. "बरं झालं बाई, त्या मुलीचं." त्या मुलीचं. ताई गडबडली असेल, असं म्हणून ती पुढे पळाली.

इस्पितळात तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर खारुटी पाय हलवत बसली होती. गालांवर रंग आला होता. परिचारिका तिच्या बोटाची पट्टी सोडत होती, आणि सोडता सोडता थांबली. बोट अख्खं होतं. टोकासकट, नखासकट.

"आलीस?" ताई उठली. "मी निघते आता. बसून बसून पाठ धरली. हिचं कोणीच फिरकलं नाही गं इतक्या वेळात. तुझ्या ओळखीतली आहे का कोणाची?"

"ताई, थट्टा नको."

ताईचा चेहरा थट्टेचा नव्हता.

गोष्टवाली खाटेशी गेली. तिने खारुटीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. कपाळ गार होतं. डाव्या भुवईतला तीळ जागच्या जागी होता.

"खारुटी... सोन्या, मी आलेय."

मुलगी तिच्याकडे बघत राहिली. अनोळखी माणसाशी नीट वागावं, असं तिला शिकवलेलं होतं. ते शिकवणारी तिच्यासमोरच उभी होती.

"काकू," ती अदबीने म्हणाली, "माझी आई कधी येणार? तुम्हाला माहितीय?"

त्याच वेळी कारखान्याचा भोंगा वाजला. सुट्टीच्या दिवशी भोंगा वाजत नाही. पण तो वाजला, पाचच्या ठोक्याला, लांबलचक.

"आली!" खारुटीने टाळी वाजवली. "गाडी आली!"

गोष्टवालीने खिडकीतून खाली पाहिलं. आवारात, झाडाखाली, हिरवं कासव उभं होतं. दालनात ठेवताना त्याचं इंजिन काढून घेतलं होतं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? सुकाणूपाशी कोणी नव्हतं. मागचं डावं दार मात्र उघडं होतं, आणि आतून कोणीतरी ते मुठीखाली हात देऊन धरून ठेवलं होतं. एवढ्या उंचीवरून फक्त बोटं दिसत होती. लहान, चार.

खारुटी खाटेवरून उतरली. गोष्टवालीने तिचं मनगट घट्ट पकडलं.

"ही माझी आहे!" ती ओरडली. "ताई, ही माझी मुलगी आहे!"

ताई चमकून तिच्याकडे बघू लागली. "अगं, तुझी नाही हे माहितीय मला. तेच तर म्हणतेयस तू मघापासून. मग धरून कशाला ठेवलंयस तिला?"

तिने पुन्हा सांगितलं. परिचारिकेला सांगितलं, शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला सांगितलं. सगळ्यांनी समजूतदारपणे माना हलवल्या.

"काकू, सोडा ना," खारुटी हात ओढत म्हणाली. "आई वाट बघतेय."