फ्रेम तिची, चाकं त्याची

तळोज्याच्या रस्त्याला रंभाबाईंचं भंगाराचं गोदाम आहे. तिथे एकच कायदा चालतो : लोखंड लोखंडात, अ‍ॅल्युमिनियम अ‍ॅल्युमिनियमात. माल कुणाचा होता, कुठून आला, याच्याशी रंभाबाईंना देणंघेणं नसतं. एका शनिवारी या कायद्याने एका जुन्या फ्रेंच सायकलीची वाटणी केली, आणि त्याच दुपारी दोन माणसं दोन ढिगांपाशी येऊन उभी राहिली.

लोखंडाच्या ढिगापाशी आभा होती. जवळच्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत ती काम करायची. कंपनीच्या बसमधून जाताना तिला गंजाखालून डोकावणारा एक फिकट निळा रंग दिसला आणि ती पुढच्याच थांब्यावर उतरली. सायकलीतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण बारीक नळ्यांची ती फ्रेम एका हाताने अलगद उचलली गेली, आणि एवढ्यावरच ती भाळली. नळीवर खरवडलेल्या अक्षरांतलं ‘फ्रान्स’ एवढंच काय ते वाचता येत होतं.

अ‍ॅल्युमिनियमच्या ढिगापाशी धनेश होता. त्याचं विचुंब्याला सायकलींचं दुकान. दोन्ही चाकं त्याने खांद्याला अडकवली होती आणि हातात मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल होतं.

“ओ मॅडम, ती फ्रेम मला हवीय.”

“मलाही हवीय. आणि ती माझ्या हातात आहे.”

“तिला ही चाकं लागतात. आपल्याकडची बसायची नाहीत, माप वेगळं असतं. चाकांशिवाय काय करणार तिचं?”

“आणि तुम्ही काय करणार? नुसत्या चाकांवर बसून कर्नाळ्याला जाणार?”

धनेशला हसू आलं, ते त्याने दाबलं. त्याने रंभाबाईंकडे पाहिलं. “मावशी, सांग ना हिला.”

“माज्याकरं भांडू नका,” रंभाबाई म्हणाल्या. “तिनी फ्रेम घेतली, तू चाकं घेतलीस. इकलेला माल मी परत घेत नाय. जोडायची तं जोडा, नायतं जा घरी.”

दोघंही हट्टी, विकायला कुणीच तयार नाही. शेवटी ठरलं की सायकल आधी उभी करायची, कुणाची ते मग बघू. नवीन पनवेलला आभाच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये दर रविवारी काम सुरू झालं. विश्वास मात्र दोघांचाही एकमेकांवर नव्हता. धनेश सकाळी चाकं खांद्याला अडकवून मोटारसायकलवरून यायचा आणि संध्याकाळी तशीच परत न्यायचा.

“इथे ठेवलीत तर मी खाऊन टाकणार नाही,” आभा म्हणायची.

“तुमचा काय भरवसा? फ्रेम खाल्लीतच की.”

आभा लिंबूसत्ताच्या पाण्याने गंज काढायची, दात घासायच्या जुन्या ब्रशने सांधे घासायची. दर रविवारी थोडा निळा रंग वर यायचा. धनेश चाक फिरवून, डोळा बारीक करून त्याचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायचा, आणि चाक सरळ फिरायला लागलं की आधी आभाकडे बघायचा, मग चाकाकडे. हे तिच्या लक्षात आलं होतं. आपल्या लक्षात आलंय हे त्याला कळू नये म्हणून ती ब्रश जरा जोरातच घासायची. केव्हातरी ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. परतीच्या पावसाची एक सर पार्किंगमध्ये आडवी घुसली तेव्हा दोघं एकाच ताडपत्रीखाली उभे होते, आणि सर थांबल्यावरही जरा वेळ उभेच राहिले.

घोडं अडलं ते पेडलांच्या मधल्या नळीपाशी. तिथला उजवीकडचा कप, म्हणजे छर्रे धरून ठेवणारी आट्यांची वाटी, निघेना. तो निघाल्याशिवाय आतले छर्रे बदलता येत नाहीत, आणि ते बदलल्याशिवाय सायकल धावत नाही. पहिल्या रविवारी धनेश घामाने निथळला. दुसऱ्या रविवारपासून त्याला घामही येईनासा झाला. सराव झाला असेल, असं आभाला वाटलं.

“तू तो उजवीकडे का फिरवतोस? उघडताना सगळं डावीकडे फिरवतात ना?” तिने एकदा विचारलं.

“सगळं. पण सायकलीचा उजवा कप सोडून. त्याचे आटे उलटे असतात. विचुंब्यातलं शेंबडं पोरही सांगेल.”

“मी डावीकडे फिरवून बघू?”

“बघ. निघाला तर चाकं तुझी.”

“नाही निघाला तर फ्रेम तुझी.” आवेशात ती बोलून गेली खरी, आणि लगेच पस्तावली. पण शब्द गेला होता. तिने पाना लावला, त्यावर पाय दिला, सगळा भार टाकला. कट्‌कन आवाज झाला आणि कप डावीकडे फिरला. फ्रेंच माणसांनी आटे सुलटेच पाडले होते.

आभा आनंदाने ओरडली. धनेश हसला, जरा जास्तच हसला. त्याच दुपारी त्याने नवे छर्रे भरले, ग्रीस घातलं, चाकं बसवली. आभाने इमारतीला एक चक्कर मारली. सायकल वाऱ्यासारखी पळाली. परत आली तेव्हा तो हात पुसत होता.

“झाली तुझी सायकल,” तो म्हणाला, आणि रिकाम्या खांद्याने गेला.

पुढच्या रविवारी आभा दोन कप चहा घेऊन खाली आली. एक तिने प्यायला, दुसरा थंड झाला. सायकल समोर उभी होती, चकचकीत, पुरी तिची. आणि आभाला रडू येत होतं. ज्या सायकलीसाठी ती बसमधून उतरली होती ती मिळाली होती, आणि ज्याच्यासाठी ती रविवारची वाट बघायची त्याला यायला आता कारणच उरलं नव्हतं.

सोमवारी ती घंटी शोधायच्या निमित्ताने रंभाबाईंकडे गेली.

“काय गो, सायकल उघरली क नाय?” रंभाबाईंनी विचारलं.

“उघडली. मीच उघडली. त्याला जमत नव्हतं.”

रंभाबाई खो खो हसल्या. “त्याला जमत नव्हता? अगो, त्याला पयल्याच हप्त्याला समजला हुता. मोबाइलवर बघून आला नि माज्याकरं हसत बसला. मना बोलला, मावशी, ती सरळच उघरते, पन मी नाय उघरनार; उघरली तं मंग मी तिच्याकरं जाऊ कशाला?”

घाम का येत नव्हता, ते आभाला आता कळलं. तिला रागही आला, हसूही आलं. संध्याकाळी तिने दोन्ही चाकं काढली, त्यानेच शिकवलं होतं तशी, आणि रिक्षात घालून विचुंबे गाठलं.

धनेश दुकान आवरत होता. चाकं बघून तो गोरामोरा झाला.

“ही तुझी,” ती म्हणाली. “पैज रद्द. तू मुद्दाम हरलास.”

“मावशीनं सांगितलं?”

“तू सांगायला हवं होतंस. का हरलास?”

“तू फ्रेमकडे कशी बघतेस ते दर रविवारी बघत होतो ना. दुसऱ्या कुणाची झाली असती तर तुला सोसलं नसतं.”

“आणि नंतर आला का नाहीस?”

“चाकं तुझ्याकडे. मी काय घेऊन येणार होतो?”

“रिकाम्या हाताने यायचंस, वेड्या.”

धनेशचे कान लाल झाले. शहरी मराठी त्याला सोडून गेली. “आभा, मना… मना तू…”

“सरळ बोल. एक कप तुझ्यामुळे आधीच खूप सोसून बसलाय.”

“मना तू लय आवडतेस गो.”

आभाने चाकं त्याच्या खांद्याला अडकवली. “मलाही तू आवडतोस. रविवारी घेऊन ये.”

रविवारी तो चाकं घेऊन आला, फ्रेमला बसवली, दोनदा चहा प्यायला. संध्याकाळी चाकं परत न्यायला मात्र विसरला. आभानेही त्याला आठवण करून दिली नाही.