इंद्रभाननं वाळूत खोदलेला झिरा

जा न बे सागर, नाही कोण म्हणते? मोबाईलमध्ये पांढरी वाळू पाह्यली अन् निघाले कोकणात. गाडी माही घेऊन जा. प्रतीक्षा, तू बी जा, लेकी. पण निघायच्या आधी या काकाचं एवढं ऐकून घ्या. लाईट गेली तं जाऊ द्या, बसा इथंच.

माहा साडू इंद्रभान, डोणगावचा. तुमच्या लग्नात होता तो. मागच्या साली मार्गशीर्षात आंब्याची कलमं आणाले कोकणात गेला. संगं बायको जयमाला अन् पोरगी छकुली. लग्नाले लय वर्षं झाल्यावर झालेली एकुलती एक पोरगी, तिले जमिनीवर पाय टेकू देत नव्हते. कलमं गाडीत भरल्यावर हा म्हणे, आता आलोच तं पोरीले समुद्र दाखवू. कलमवाल्यानं आडबाजूचा एक किनारा सांगतला. त्या दिवशी अमावस्या होती, हे कोणाच्या ध्यानात नाही.

पोहोचले तं दिवस बुडून राह्यला होता. ज्वारीच्या पिठावानी पांढरी वाळू, अन् पाणी पार दूर. माणूस नाही का कुत्रं नाही. इंद्रभान तं खूश झाला. छकुलीले तहान लागली, अन् कॅन रिकामी. आता आपण पैनगंगेकडचे लोक. नदीत वाळू दिसली का हातानं झिरा खोदतो अन् पाणी पितो. यानं तिथं बी तेच केलं. जयमाला हासली, "अवो, समुद्र हाये हा. खारं लागन."

चाखलं तं गोड!

पोरगी पोटभर पेली. तेवढ्यात मांगून आवाज आला, "मले देता काय घोटभर?"

एक बाई उभी होती. अंगावरचं लुगडं ओलंचिंब. अन् बोलणं आपल्याकडचं! एवढ्या दूर आपलं माणूस भेटलं म्हणून जयमाला हरखली. झिऱ्यावर आलेल्याले आपण कधी नाही म्हणतो काय? बसवलं तिले. बाई पेली... पीतच राह्यली. झिरा आटला, तरी ओंजळ तोंडालेच.

"कोण्या गावच्या वो तुमी?" जयमालानं इचारलं.

बाई छकुलीकडे पाहून राह्यली होती.

"एकच हाये?"

"हाव."

"माही बी एकच होती."

जयमालाचा जीव गलबलला. मंग ती जे बोलली, ते आपण सारेच बोलतो, कोणाले बी बोलतो. "या न बाई एकडाव डोणगावले. आपलंच घर समजा."

बाईनं मान वर केली.

"येऊ?"

"हाव, या न."

बाई उठली. पाण्याकडे चालाले लागली. इंद्रभान ओरडला, "बाई, तिकडे समुद्र हाये!" ती थांबली नाही. गुडघे... कंबर... गळा...

मंग काहीच नाही.

लाटेचा आवाज बी नाही.

इंद्रभाननं पोरगी उचलली अन् गाडी काढली. थेट डोणगाव गाठलं.

महिना बरा गेला. मंग पौषातली अमावस्या आली. पोरगी दोघांच्या मधात झोपलेली, दाराले आतून कडी. सांगतानी बी माह्या अंगावर काटा येते, लेकाहो...

सकाळी जयमाला उठली. रात्री मोकळे असलेले पोरीचे केस... चापून इंचरलेले. दोन वेण्या. ओल्या. तिनं इंद्रभानकडे पाह्यलं. त्यानं नाही म्हणून मान हालवली. तिनं वेणीवरून बोट फिरवलं, जिभेले लावलं...

खारं.

छकुलीनं डोळे उघडले. इकडे पाह्यलं, तिकडे पाह्यलं. अन् जयमालालेच इचारलं,

"माय कुठं गेली?"