शेवाळाखालची जमीन

"अहो, ते शेवाळ कुणाला विचारून सोलताय?"

एर्चिमने मान वर केली. तोंडाभोवती डासांचा ढग, हातात ओल्या शेवाळाचा भारा, आणि समोर ही मुलगी… डोळ्यांत नुसता जाळ. सैबेरियातल्या याकुत्स्क शहराहून लार्चच्या झाडांचा अभ्यास करायला आलेली कुन्नेई ती हीच, हे त्याने ओळखलं. गावात दुसरा विषयच नव्हता.

घराच्या ओंडक्यांच्या फटी बुजवायला शेवाळ लागतंच, असं त्याने सांगून पाहिलं. लागतं, पण ते लांबच्या दलदलीतून आणतात, स्वतःच्या दाराशी सोलत नाहीत, असं तिने सुनावलं. शेवाळ ही जमिनीची दुलई. ती ओढली की खालचा बारमाही गोठलेला बर्फ वितळतो आणि जमीन खचते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. एर्चिमलाही ठाऊक होतं हो. पण खाणीतली नोकरी सोडून आजोबांच्या कुरणावर घर बांधायला बसलेल्या माणसाला हिवाळ्याआधी छप्पर हवं होतं. घाई नडली, दुसरं काय.

त्या दिवसापासून कुन्नेई रोज तिकडूनच जाऊ लागली. झाडं मोजायला म्हणे! तो लाकडी पेल्यात घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं कुमिस पुढे करी, ती झाडाकडे बघत घेई… आणि पेला परत देताना बोटं अंमळ रेंगाळत. कळत दोघांनाही होतं. बोलत कुणीच नव्हतं.

उन्हाळा सरता सरता पावसाची झड लागली आणि व्हायचं तेच झालं. सोललेली जमीन खचली. कडेचे लार्च झिंगल्यासारखे कलले, घराचा एक कोपरा खाली बसला. एर्चिम दिवसभर पायरीवर बसून राहिला. कुन्नेई आली तेव्हा त्याने सांगून टाकलं, की तो खाणीत परत जातोय.

ती त्याला कुरणापलीकडच्या एका जुन्या लार्चपाशी घेऊन गेली. बुंध्याशी वाकलेलं, वर सरळ गेलेलं झाड. बारीक गिरमिट फिरवून तिने खोडातून पेन्सिलीएवढी काडी काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. वर्षावर्षाच्या रेघा केसासारख्या बारीक होत्या. मध्येच काही जाड, तांबूस.

"इथे हे कललं," ती म्हणाली. "मग खालच्या अंगाला लाकूड जाड करत गेलं, तेव्हा कुठे उठलं. मुळं तरी केवढी, हातभर खोल. त्याखाली सगळा बर्फच."

"झाडाला पाय नसतात, म्हणून राहिलं."

"तुला आहेत. जायचं तर जा." तिने गिरमिट पिशवीत टाकलं. "पण मला… मला तू इथे हवा आहेस."

एर्चिम हळूच म्हणाला, "आणि तू? थंडी पडली की याकुत्स्कला पळशील."

"कुणी थांब म्हटलं तर कशाला पळेन?"

दुसऱ्या दिवशी दोघांनी दलदलीतून शेवाळ आणून उघड्या जमिनीवर अंथरलं. शेजाऱ्यांनी जॅक लावून कोपरा उचलला, खाली नवे ओंडके सारले. लार्चची सुईसारखी पानं पिवळी होऊन गळून गेली, तरी घर पुन्हा हललं नाही.

एका सकाळी एर्चिम खांद्यावर नक्षी कोरलेला खांब घेऊन आला. घोडा बांधायचा खांब, लग्नात नव्या जोडप्यासाठी रोवतात तसा. कुन्नेईचे कान लाल झाले.

"मला विचारायचं सोडून थेट खांबच?"

"विचारतोय ना… कुठे रोवू?"

तिने कुदळ उचलून त्याच्या हातात दिली. "दारासमोर. आणि बर्फ लागेपर्यंत खण, म्हणजे घट्ट गोठून बसेल. मला कायमचं राहायचंय."