बर्फाची कड

"साडीचं डिझाइन आहे?" मी मान वर न करता विचारलं.

"नाही... बर्फाचं."

मी वर बघितलं. घामानं भिजलेला शर्ट, काखेत गुंडाळी, आणि डोळे मात्र हसरे!

उधन्याच्या एका दुकानात मी ट्रेसिंग करायची. छपाईच्या साड्यांची फुलं-वेली शाईनं पारदर्शक फिल्मवर उतरवायची. १९९६चा उन्हाळा होता. हा वाल्मिक पाटील, आमच्याच लिंबायत वस्तीतला, भूगोलात पीएच.डी. करणारा. दक्षिण ध्रुवाकडच्या एका किनाऱ्याचे, चाळीस वर्षांपूर्वी विमानातून काढलेले फोटो त्यानं मिळवले होते. त्यांवर त्यानं पेन्सिलनं आखलेली बर्फाची कड मी फिल्मवर काढायची. ती उपग्रहाच्या नव्या चित्रावर ठेवली, की किती बर्फ गेला ते कळणार.

"फिल्म शनिवारी मिळेल म्हटलं होतं. रोज का येता?"

"कड... नीट निघतेय ना, बघायला."

"कड बघता, की मला?"

तो कानापर्यंत लाल झाला. मीही... थोडीशी.

पाचव्या दिवशी माझा पेन अडला. "तुमची पेन्सिलची रेघ चुकलीय. हे पांढरं वेगळं, ते वेगळं. हा नुसता पाण्यावर तरंगणारा बर्फ वाटतो. कड आत आहे."

त्याचा चेहरा उतरला. "तुम्ही साड्या काढा. बर्फ मला कळतो." फिल्म उचलून तो निघून गेला.

तीन आठवडे आला नाही. दाराकडे बघायचं नाही असं ठरवून मी दाराकडेच बघत होते.

मग एका दुपारी तो आला. माझ्यासमोर नकाशा उलगडला.

"भिंगातून पुन्हा बघितलं. तुमचंच बरोबर होतं. तुमच्याच फिल्मवर तेवढी रेघ आत घेतली, सगळं नव्यानं मोजलं. माझ्या गाइड सरांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं, आणि माझ्याकडे उत्तर होतं. गेलेला बर्फ कमी निघाला, पण खरा निघाला. त्या दिवशी तसं बोललो... माफ करा."

नकाशाखाली छापलं होतं – रेखन : सुवर्णा महाजन. हजारो साड्या काढल्या, पण माझं नाव कुणी कुठं लिहिलं नव्हतं. माझे डोळे भरून आले.

"उपकार झाले तुमचे," मी म्हणाले.

"उपकार तुमचे. आणि... अजून एक..." इतके दिवस पुस्तकी मराठी बोलणारा तो एकदम घरच्या अहिराणीवर आला. "सुवर्णा... तू माले आवडस."

शेजारच्या टेबलावरची सुंदरा तोंडात पदर कोंबून हसत होती. हसू दे!

"माले बी," मी म्हणाले.