एकशे बारा नंबरचा बिल्ला

“आबा, तुमचा बिल्ला चोरीला गेला!”

भैरूच्या हातात आजोबांचा, म्हणजे आबाजींचा, पत्र्याचा डबा होता. उन्हाळ्याची सुट्टी लागल्यापासून भैरू, त्याची मोठी बहीण कुसुम आणि शेजारचा ज्योतीराम रोज तो डबा उघडून बसत. आबाजींच्या कौलांच्या कारखान्यातल्या नोकरीतली पगाराची पाकिटं त्यात होती. ‘रोज आठ आणे’ हे वाचून ज्योतीराम दरवेळी खो खो हसायचा. कुसुमच्या बाबांना आता त्याच कारखान्यात चांगले सव्वादोन रुपये रोज मिळत!

आज पाकिटं जागेवर होती, पितळी बिल्ला तेवढा गायब.

आबाजी एकदम उठून बसले. “कुसुम, मारुती, तुझा बा, आला का गं?”

“नाही. सुटीचा भोंगा होऊन दीड तास झाला!” कुसुम म्हणाली.

“काल त्यानं सोताचा बिल्ला हरवला. तीन रुपये दंड हाय. माझा न्हेला असंल खिळ्याला लावाया, आन् सोता आत ऱ्हाऊन शोधत असंल.” आबाजींनी दाराकडे बोट केलं. “पोरांनो, सुटल्यावर बिल्ला खिळ्याला लावूनच मानूस भाईर पडतो. खिळा रिकामा दिसला, तर आत कुनीतरी हाय म्हनून कुलूप घालत न्हाईत. पळा!”

तिघंही रेल्वेच्या रुळांच्या कडेनं कारखान्याकडे धावत सुटली.

फाटकाला कुलूप होतं. पहारेकरी दत्तोबा बाजेवर चहा पीत बसले होते.

“समदे गेले! फळी बघा, एक खिळा रिकामा न्हाई.”

“पण बाबांच्या एकतीस नंबरच्या खिळ्यावरचा बिल्ला पालथा का?” कुसुमनं फाटकाच्या गजांतून हात घालून तो उलटला. “एकशे बारा! हा आबांचा आहे. बाबा आत आहेत!”

दत्तोबांच्या हातातली बशी खाली पडली. “अरे देवा! मी तर माती भिजवायच्या हौदात पाणी सोडलंय!”

त्यांनी कुलूप काढलं आणि सगळे आत पळाले. पंपाच्या धडधडीत काही ऐकू येत नव्हतं. दत्तोबांनी तो बंद केला, तेव्हा कुठे खोलवरून घोगरा आवाज आला. “अरे, कुणी आहे का?”

कुसुमनं वाकून पाहिलं. गढूळ पाणी बाबांच्या छातीला लागलं होतं. शिडी घसरून आडवी पडली होती, पाय मुरगळला होता आणि भिंती बुळबुळीत! भैरू तर रडायलाच लागला.

“रडू नकोस, दोर बघ!” ज्योतीराम ओरडला.

बाजेचा दोर सोडून दत्तोबांनी खाली टाकला. बाबांनी तो कमरेला बांधला आणि चौघांनी मिळून त्यांना वर ओढलं.

बाबा थरथरत होते. त्यांनी घट्ट मिटलेली मूठ उघडली. आत चिखलानं माखलेला एकतीस नंबरचा बिल्ला होता. “हौदाच्या चिखलातच पडला होता, सापडला गं. तीन रुपये वाचले.”

इतका वेळ धीर धरलेली कुसुम हमसून रडली. “तीन रुपयांसाठी, बाबा? उद्या रविवार आहे! कुणी आलंही नसतं!”

दत्तोबा कान धरून म्हणाले, “पोरी, आजपासून मी खिळे न्हाई, आकडे बघीन.”

रात्री घरी आबाजींनी आपला बिल्ला धोतराला पुसला. “तीस वर्सं ह्यो बिल्ला ‘आबाजी घरी गेला’ असं खरंच सांगत आला. आज पहिल्यांदा खोटं बोलला. ते तुमी पोरांनी वळखलंत, म्हनून माझा ल्योक घरी आला.”

त्यांनी बिल्ला डब्यात ठेवला नाही. कुसुमच्या तळहातावर ठेवला आणि तिची बोटं स्वतः मिटली.